खिडकीत ठेवलेला होकार

"फुलां देवाक काय?"

कुंपणाच्या आतून आवाज आला आणि सुगंधाच्या हातातलं जास्वंदीचं फूल देठासकट निसटून वाळूत पडलं.

सकाळचं ऊन अजून माडांच्या शेंड्यांवरच रेंगाळत होतं. काखेत चपला, डाव्या हातात रोवळी, टाचा उंचावलेल्या... अशा अवतारात हायस्कूलच्या शास्त्राच्या बाई शेजारच्या अँजेलिनाच्या परड्यातली फुलं चोरताना पकडल्या गेल्या होत्या. आणि पकडणारी अँजेलिना नव्हती. विहिरीच्या काठावर, खांद्यावर ओला पंचा टाकून, एक उंच सावळा तरुण उभा होता. ओल्या केसांतून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतून हसू.

"देवाक नाय," सुगंधा म्हणाली. खोटं सुचेना म्हणून खरंच बोलून गेली. "ॲसिडाक."

"कोणाक?"

"ॲसिडाक. आणि थोडी चुन्याक."

त्यानं क्षणभर विचार केला, मान डोलावली, आणि जास्वंदीची अख्खी फांदी वाकवून कुंपणापलीकडे तिच्यासमोर धरली. "मगे एवढ्यान काय होतला? आमच्या चर्चीत ही फुलां कोण नेणा नाय. सगळी घेवा."

"अँजेलिनाक सांगू नका हां."

"सांगतलंय तर! माझी बहीण ती." आणि फांदी त्यानं सोडली नाही. तिला एकेक फूल त्याच्या मुठीजवळून खुडावं लागलं.

शाळेत पोचेपर्यंत तिच्या कानांची आग गेली नव्हती. आणि अकराच्या घंटेआधी हेडमास्तर गुरुदास सर शिक्षकांच्या खोलीत आले, ते एका इस्त्रीच्या शर्टाला सोबत घेऊन.

"हे लिनो फर्नांडिस. परब मास्तर रजेवरून येईपर्यंत भूगोल आणि इंग्रजी हे शिकवतील."

शाळेत सगळे शिक्षक पुस्तकी मराठीच बोलत. नव्या मास्तरांनीही हात जोडून शुद्ध नमस्कार केला. सगळ्यांना केला, आणि तिच्यापाशी येऊन हळूच विचारलं, "ॲसिडाची पूजा झाली का, बाई?"

"अजून नैवेद्य राहिलाय," ती म्हणाली, आणि खडूचा डबा घेऊन पळाली.

गोष्ट साधी होती. कोल्हापूरहून यायचा लिटमस कागद आला नव्हता, आणि शाळेचं इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं. सुगंधा कोल्हापूरलाच शिकलेली. तिथल्या कॉलेजात एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी दाखवलेली युक्ती तिच्या ध्यानात होती. जास्वंदीच्या पाकळ्या टीपकागदावर घासायच्या. कागद जांभळट होतो. त्याच्या पट्ट्या कापायच्या. आंबट लागलं की पट्टी तांबडी, चुना लागला की हिरवी. लिटमसाला आव्हान! रोज मधल्या सुट्टीत ती पट्ट्या करत बसायची, आणि तिची बोटं जांभळी व्हायची.

पण पट्ट्यांनी भागणार नव्हतं. दहावीच्या वर्गाला व्याख्या घडाघडा यायच्या, अर्थ मात्र कोणाच्या गावी नव्हता. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या घरात आम्ल आहे का?" शेवटी मागच्या बाकावरचा लवू उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "नाय, बाई. आमच्याकडे तसला कायएक चालणा नाय. माझे आजोबा माळकरी आसत."

हे तिनं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा लिनो इतका हसला की त्याच्या हातातला चहा बशीत आला.

"मग त्यांना शोधायला पाठवा," डोळे पुसत तो म्हणाला. "भूगोल बाकावर बसून कळत नाही, पायांना कळतो. तुमचं रसायनशास्त्रही तसंच असेल. गावभर असेल आणि ही पोरं ते व्याख्यांत शोधत असतील."

तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच.

मग खेळ ठरला. नाव ठेवलं 'शोधाशोध'. वर्गाच्या टोळ्या करायच्या. प्रत्येक टोळीनं शाळेच्या आवारातून आणि बंदराच्या वाटेवरून आम्ल, अल्कली, क्षार, धातू, मिश्रण असं एकेक शोधून वर्गात आणायचं आणि पट्टीनं पारखून दाखवायचं. लिनोनं खाकी कागदावर नकाशा काढला. त्यात माड होते, विहीर होती, मासे वाळत घालायची जागा होती, आणि एका कुंपणावर, काही गरज नसताना, लालभडक जास्वंद.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"खूण. नकाशात महत्त्वाच्या जागा दाखवायच्या असतात."

गुरुदास सरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. त्यांची कचेरी शास्त्राच्या खोलीला लागून. "कार्ट्यांचा हूं की चूं ऐकू आला तर खेळ तिथल्या तिथे बंद."

म्हणून सुगंधानं नियमच करून टाकला — सगळा खेळ मुका. वस्तू दाखवायची, पट्टी बुडवायची, आणि रंग वर धरायचा. बोलायचं नाही. रंगच बोलेल.

"बाई, तुमच्या खेळात माणसांना तोंडं कशाला दिलीत मग?" लिनोनं विचारलं.

"जेवायला."

"बरं. ध्यानात ठेवीन," तो म्हणाला. आणि त्यानं ते खरंच ध्यानात ठेवलं.

इन्स्पेक्शनसाठी शाळेला चुना लागत होता. काशीराम शिपाई एकेक खोली उरकत चालला होता. परसातल्या पिंपात त्यानं शिंपल्यांच्या भट्टीवरच्या चुनकळ्या टाकल्या आणि पाणी ओतलं, तेव्हा सुगंधा आणि लिनो खेळाच्या जागा पाहत तिथे पोचले होते. पिंप खदखदायला लागलं. पांढऱ्या वाफेचा लोट उठला.

"विस्तव नाय आणि उकळता कसा?" लिनो पुस्तकी मराठी विसरला.

"पाणी मिळाला मा... आतली ऊब भायर येता." तीही विसरली.

"किती वेळ उकळता?"

"सगळो चुनो भिजासर."

"आणि मगे? परत सुको केलो तर होता तशी कळी?"

"उन्हान होणा नाय. भट्टीतच घालूक व्हयी."

"म्हणजे एकदा भिजला का साधासुधा सुटका नाय," तो पिंपाकडे बघत म्हणाला. मग पिंपाकडे बघायचा थांबला.

काशीरामनं कुंच्यानं दोघांना मागे सारलं. "सर, बाई, लांब रवा. डोळ्यांत गेला तर आयुष्यभर रडशात." आणि सुगंधा उगीचच हसली, किती वेळ हसत राहिली.

शनिवारी सकाळी शोधाशोध झाली. असं दृश्य त्या शाळेनं पाहिलं नव्हतं. पोरं-पोरी तोंडावर हात धरून धावताहेत, खुणांनी भांडताहेत, झाडामागे गुपचूप लाथा झाडताहेत. सीता नावाच्या हुशार पोरीनं चुलीतल्या राखेचं पाणी आणलं. पट्टी हिरवी. तिनं ती राणीसारखी मिरवली. कोणी चिंच आणली, कोणी खारवण्याचं मीठ. लवूनं पितळी पेल्यातून सोलकढी आणली — मिश्रण म्हणून. पट्टी तांबडी झाली तेव्हा त्याचा आ वासला. घरात आम्ल होतं! माळकऱ्यांच्या घरात! पुरावा म्हणून उरलेली सोलकढी त्यानं पिऊन टाकली.

पण धातूपाशी घोळ झाला. लवूच्या टोळीला धातू कुठे दिसेना, आणि वर बघतात तर शाळेची घंटा टांगलेली. टोळीनं ती सोडवली. नियम पाळायचा म्हणून आतला लोलक घट्ट मुठीत धरून, चोरपावलांनी, व्हरांड्यातून आणली... आणि खोलीच्या उंबऱ्यात लवूला शिंक आली.

ठण्ण! ठण् ठण् ठण्!

खालचे वर्ग सुटले. अक्षरशः सुटले. पाचवी-सहावीची पोरं दप्तरं घेऊन रस्त्याला लागली. गुरुदास सर कचेरीतून धोतर सावरत बाहेर आले. "शाळा सुटली काय? कोणी सोडली?"

"मी, सर," लिनो पुढे झाला. "घंटा माझ्या सांगण्यावरून काढली. बाईंचा यात काही दोष नाही."

सरांनी त्याला कचेरीत नेऊन मनसोक्त झापलं. इकडे सुगंधा भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून हसत होती. लवू मात्र अजून घंटा कवटाळून उभा. तोंडानं बोलायची सोय नाही म्हणून नजरेनंच विचारत होता — धातू आसा मा, बाई?

शाळा सुटल्यावर — खरी सुटल्यावर — ती खोलीत एकटीच पेले धूत होती. लिनो दारात येऊन उभा राहिला.

"खूप बोलले का सर?"

"बोलले. मग म्हणाले, जूनपासून भूगोलाची कायमची जागा आहे, राहायचं तर सांगा." तो आत आला. "पण माझ्या मामानं बहरीनला नोकरी बघितली आहे. तेल कंपनीत. सोमवारच्या स्टीमरचं मुंबईचं तिकीट माझ्या खिशात आहे. खेळापायी थांबलो होतो."

धुतलेला पेला तिनं पुन्हा पाण्यात बुडवला.

"म्हणजे... जाणार?"

"जाव की रवान, ता तुम्ही सांगा." पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "खरा सांगतंय, माका बहरीन म्हणजे नकाशातलो एक ठिपको. त्या ठिपक्यात माझा कायएक नाय. माझा जा काय आसा ता... हयच."

बाहेर माडांची सावली खिडकीच्या कठड्यावर हलत होती. सुगंधाला आईची मासळीची टोपली आठवली. बाजार आठवला. बाजारातली तोंडं आठवली.

"मी कशी सांगू?" ती पुटपुटली.

"तोंडान नको. तुमच्याच नियमान सांगा." त्यानं टेबलावरची एक जांभळी पट्टी उचलून तिच्या ओल्या तळहातावर ठेवली. "सोमवारी फाटफटी, उजाडताना, मी ह्याच वाटेन धक्क्यार जातलंय. ह्या खिडकीत पट्टी ठेवा. तांबडी आसली तर ट्रंक घेवन परत घराक, आणि सांजेक तुमच्या आवशीच्या पायां पडाक. हिरवी आसली तर..."

"तर?"

"तर हसत जातलंय. काय विचारूचंय नाय. वळान बघूचंय नाय. तुमका कसलोच तरास होवचो नाय — शब्द दिलंय."

ती पट्टीकडे बघत राहिली. मग, इतक्या गंभीर वेळीही तिला राहवलं नाही. "आणि पट्टीच नसली तर?"

"तर वाऱ्यान उडाली म्हणतलंय," लिनो हसला, "आणि थांबतलंय."

रविवारी दुपारी तिची आई, यमुनाबाई, बाजारातून आली. टोपली उतरवली, पायांवर पाणी ओतलं, आणि लेकीच्या पुढ्यात भाताचं ताट बघून म्हणाली, "खाणस नाय? पोटात दुखता काय गो?"

"नाय गे."

"मगे मनात दुखता." आईनं तिच्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढला. "अँजेलिनाचो भाऊ बरो आसा. मासे घेताना घासाघीस करणा नाय. माका 'मावशी' म्हणता."

सुगंधानं दचकून वर पाहिलं. आई शांतपणे काटे काढत होती.

"माका दिसता सगळा. बंदरार उभी रवलंय तीस वर्सां... वारो खंयचो ता कळता माका." मग ती म्हणाली, "पूर्वी बाजारात माका 'गो यमने' म्हणान हाक मारीत. आता म्हणतत, 'बाईंची आवस इली, जागा देवा.' तू शिकलंस म्हणान. मी तुका जा म्हणणंय नाय, नको म्हणणंय नाय. एवढाच सांगतंय — मी थंय रोज बसतंय. तुझ्या मागसून जा काय बोलतले, ता माका आयकाचा लागतला."

"तू आयकशीत?"

यमुनाबाईनं ताट सरकवलं. "सवय आसा माका वासाची," ती म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

तो होकार होता का नकार? सुगंधा विचार करत बसली. उन्हं कलली. चुलीपाशी परडीत एक लिंबू होतं. ती उठली, लिंबू कापलं, आणि विचार थांबायच्या आत पट्टीवर पिळलं. जांभळा रंग थरथरला आणि कडेपासून आतवर लाल होत गेला. तेवढ्यात आई मागच्या दारातून आत आली, लेकीच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं, आणि काहीच न विचारता म्हणाली, "लिंबू सगळा संपवलंस? सांजेक माशाक काय पिळू?"

सुगंधा हसली. रडलीही असेल. पट्टी फुंकरीनं वाळवत ती शाळेच्या वाटेला लागली.

शाळेत चिटपाखरू नव्हतं. शास्त्राच्या खोलीच्या दारात चुन्याची बादली होती, त्यात कुंचा भिजत पडलेला. काशीराम बहुधा चहाला गेला असावा. नव्या लुगड्यावर डाग नको म्हणून तिनं निऱ्या उचलून बादलीला वळसा घातला. खिडकीच्या कठड्यावर पट्टी ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक शिंपला ठेवला, लाल टोक बाहेरून नीट दिसेल असा. मग हळूच, कोणी नसताना, तिनं तो शब्द ओठांनी म्हणून पाहिला — होय. आवाज न करता. परत जाताना बादलीला पुन्हा वळसा घातला.

सोमवारी तिनं केसांत जास्वंदीचं फूल माळलं. आईनं बघितलं आणि टोपली डोक्यावर घेतली. शाळा भरायच्या कितीतरी आधी सुगंधा निघाली. तो तिथेच असेल, ट्रंकेवर बसलेला, खिडकीखाली... म्हणेल, "पूजा पावली, बाई."

खिडकीखाली कोणी नव्हतं.

खोली दुधासारखी पांढरी झाली होती. भिंती, कोनाडे, खिडकी, कठडा. आणि ओल्या पांढऱ्या कठड्यावर, तिनं ठेवला होता तसाच शिंपला, शिंपल्याखाली तिनं ठेवली होती तशीच पट्टी — हिरवीगार. शेवाळासारखी हिरवी.

"बघितलास, बाई?" काशीराम कौतुकाच्या आशेनं मागे येऊन उभा राहिला. "काल चहा पिऊन इलंय तर हयसर तुमचो प्रयोग मांडलेलो. दुसरो कोण आसतो तर टाकून दिल्यान आसतो. मी नाय. अलगद उचललंय, कठड्याक चुनो मारलंय, आणि होतो तस्सो परत ठेवलंय. शिंपल्यासकट. इंचभर हलूक देवक नाय!"

तिनं पट्टी उचलून उलटीपालटी केली.

"फर्नांडिस सर पण बघून गेले," काशीराम म्हणाला. "फाटफटी. खूप वेळ हय उभे होते. मी विचारलंय, आत येतास काय? तर नको म्हणाले. ट्रंक उचलून गेले."

ती धावली. बंदराच्या वाटेवरची सगळी माणसं बघत होती — शास्त्राच्या बाई धावताहेत, पदर सुटलाय, केसांतलं फूल गळलंय. वर्गात पोरांना शिकवलेलं ती धावता धावता स्वतःला शिकवत होती. आंबटावर चुना पडला की आंबट मरतं. तांबडं टिकत नाही. हे तिला ठाऊक होतं, पिंपातला चुना तिनं डोळ्यांनी पाहिला होता... आणि त्या बादलीला वळसा घालून ती गेली होती. दोनदा.

स्टीमर दूर खोल पाण्यात उभी होती. उतारू नेणारा पडाव धक्क्यावरून सुटून निम्म्या वाटेवर पोचला होता. मागच्या बाजूला, ट्रंकेवर, पाठमोरा लिनो. वळून बघणार नाही म्हणाला होता. शब्द पाळणारा माणूस. तेवढा एकच दोष होता त्याच्यात.

"लिनोऽ!" ती ओरडली असती. घशापर्यंत आलं होतं. पण धक्क्यावर अर्धं गाव होतं — हमाल होते, मासेवाल्या होत्या, आणि त्यांच्यात, टोपलीमागे, यमुनाबाई होती. लेकीकडे बघत. डोळ्यांनी काही सांगत... 'हाक मार' म्हणत होती की 'नको' म्हणत होती, हे सुगंधाला तेव्हाही कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

तिनं हाक मारली नाही. हात वर केला.

आणि शब्द मोडून लिनोनं वळून पाहिलं. ती दिसली त्याला. नक्की दिसली. तिचा हात म्हणत होता, थांब. एवढ्या लांबून तो हात निरोपासारखा दिसत असणार. कारण लिनोनं हसून — हसत जाईन म्हणाला होता ना — आपलाही हात वर केला, आणि स्टीमर येईपर्यंत हलवत राहिला.

मग?

मग काही नाही. लिनोचा पत्ता अँजेलिनाकडे होता आणि अँजेलिनाचं परडं हाकेच्या अंतरावर. सुगंधा फुलांसाठी जायची. आता चोरून नव्हे, अँजेलिना स्वतः फांदी वाकवून द्यायची आणि सांगायची, "लिनोचा पत्र इला गो. बरो आसा म्हणता. थंय झाडां नाय म्हणता." सुगंधा म्हणायची, "बरा." रोवळी भरायची आणि परतायची. पत्ता दे, एवढे दोन शब्द. त्या रविवारी एका लिंबाएवढं धाडस तिनं गोळा केलं होतं. ते पुन्हा जमेना. चुन्यानं घात केला, असं ती मनाला सांगत राहिली. सांगायला बरं होतं. पण चुन्यानं फक्त पट्टी हिरवी केली होती. पत्र लिहू नको, असं चुना कधी म्हणाला नव्हता.

दोन पावसाळ्यांनी अँजेलिना केळीच्या पानात बांधलेला गूळ-नारळाचा दोदोल घेऊन आली. लिनोच्या लग्नाचा. सुगंधानं तो तिच्यासमोर खाल्ला, गोड झालाय म्हणाली.

पुढे तिचंही लग्न झालं. माणूस भला मिळाला. लेक झाली, लेकीला आज्जीजवळ ठेवून ती शाळेत यायची, आणि यमुनाबाई नातीला मांडीवर घेऊन बाजारात बसायची. दिवस वाईट नव्हते. फक्त दर वर्षी शाळेला चुना लागायचा तेव्हा काशीराम शास्त्राच्या खोलीतला तो कठडा तेवढा सोडायचा. बाईंनी सांगून ठेवलं होतं. का, ते त्यानं कधी विचारलं नाही.

शोधाशोध मात्र ती दर वर्षी घ्यायची. आता तर आसपासच्या शाळांतही त्या खेळाचं नाव झालं होतं — मुका खेळ म्हणून. यंदाही पोरं तोंडावर हात धरून धावत होती. खोलीच्या दारात एक बारकीशी मुलगी येऊन उभी राहिली, धापा टाकत, एका हातात चिंच, दुसऱ्यात पट्टी. पट्टी लालेलाल. तिनं ती उंच धरली आणि बाईंकडे आशेनं बघत राहिली. नियमाप्रमाणे. गप्प.

सुगंधा त्या लाल रंगाकडे बघत राहिली. मुलीचा हात दुखायला लागला, तरी बाई बोलेनात.

"तोंडान सांग," अखेर त्या म्हणाल्या.

मुलगी गोंधळली. तिनं पट्टी आणखी उंच धरली.

"रंग दिसलो माका. पण रंगाचा काय खरा नसता, बाय. काय मिळाला तुका, ता तोंडान सांग. मोठ्यान."

"आम्ल," मुलगी पुटपुटली.

"माका आयकाक नाय इला."

"आम्ल, बाई! चिंचेत आम्ल मिळाला!"

ते ऐकलं आणि बाहेरच्या सगळ्या टोळ्यांची तोंडं सुटली. राख! मीठ! गंजलेलो खिळो! सगळी शाळा दणाणली. पलीकडच्या कचेरीचं दार करकरलं आणि गुरुदास सरांचा म्हातारा आवाज आला, "बाई! अहो बाई, किती हा आवाज!"

"असू दे, सर," सुगंधा खिडकीपाशी उभी राहून म्हणाली. बाहेरची बंदराची वाट उन्हात मोकळी पडली होती. "आज ओरडू दे त्यांना."